हस्तलिखिताची परीक्षा : विद्यापीठ-प्रकाशन आणि ललित वाङ्मय

१

विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडे हस्तलिखित पाठविणे ही प्रथमदर्शनी एक व्यवहाराची बाब वाटते. पत्र कसे लिहावे, नमुन्यादाखल किती प्रकरणे जोडावीत, उत्तरासाठी किती काळ वाट पाहावी, एवढ्यापुरताच तिचा विचार बहुधा केला जातो. वस्तुतः हा प्रश्न वाङ्मयविचाराच्या कक्षेत येतो. हस्तलिखित स्वीकारणे किंवा ते ‘साभार परत’ करणे हा एक वाङ्मयीन निर्णय असतो, आणि अशा प्रत्येक निर्णयामागे कोणता ना कोणता निकष गृहीत धरलेला असतो. टीकाकार आपले मत ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर मांडतो. प्रकाशनसंस्थेचा परीक्षक ग्रंथ प्रसिद्ध व्हावा की नाही हेच ठरवितो. पहिल्याचे मत चुकले तर वाचक ग्रंथ हाती घेऊन ते पडताळून पाहू शकतो. दुसऱ्याचे मत चुकले तर पडताळण्यासाठी काही उरतच नाही. या दृष्टीने पाहता परीक्षकाचा अभिप्राय हा टीकेचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी अभ्यासलेला प्रकार होय.

या प्रकाराची खरी कसोटी ललित वाङ्मयाच्या बाबतीत लागते. संशोधनपर ग्रंथाची परीक्षा करण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली तिच्यापुढे कादंबरी, कथा किंवा कविता आली की तिचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्यापारी प्रकाशकांनी नाकारलेल्या उत्तम ललित कृतींना विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी आश्रय दिला, असे विधान वारंवार केले जाते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील दोनतीन प्रसिद्ध उदाहरणे सांगितली जातात. ही उदाहरणे खरी आहेत. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष तितकाच खरा आहे काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

२

विद्यापीठ-मुद्रणाची परंपरा जुनी आहे. ऑक्सफर्ड येथे पहिले पुस्तक १४७८ मध्ये छापले गेले. केंब्रिजला आठव्या हेन्रीकडून मुद्रणाची सनद १५३४ मध्ये मिळाली, आणि तिच्या आधारे पहिले पुस्तक निघाले ते १५८४ मध्ये. ऑक्सफर्डचे ‘डेलिगेट’ आणि केंब्रिजचे ‘सिंडिक’ ही अध्यापकांची मंडळे आहेत. संस्थेच्या नावाने कोणता ग्रंथ निघावा याचा अखेरचा शब्द त्यांचा असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७८ मध्ये प्रकाशनकार्यास आरंभ केला. ज्ञानाची वृद्धी करणे आणि ते केवळ वर्गात बसणाऱ्यांपुरते न ठेवता दूरवर पोहोचविणे हे विद्यापीठाचे थोर कर्तव्य होय, ही त्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष गिलमन यांची भूमिका या सर्व संस्थांची जणू प्रतिज्ञाच होऊन बसली आहे.

या प्रतिज्ञेतील ‘ज्ञान’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. संस्थेची परीक्षापद्धती या शब्दाभोवती रचलेली आहे. लेखक प्रथम विषयाची रूपरेषा आणि एकदोन प्रकरणे पाठवितो. संपादकाला ती आश्वासक वाटली तर संपूर्ण हस्तलिखित मागविले जाते, आणि ते त्या विषयातील सामान्यतः दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते. तज्ज्ञांची नावे लेखकाला बहुधा कळत नाहीत; त्यांचे अभिप्राय मात्र कळतात आणि त्यांना त्याने लेखी उत्तर द्यावयाचे असते. हे अभिप्राय व हे उत्तर अध्यापकांच्या मंडळापुढे ठेवले जाते, आणि मंडळाच्या संमतीनंतरच ग्रंथ विद्यापीठाच्या नावाने निघतो. साधनांचा उपयोग चोख आहे काय, पूर्वसूरींच्या कार्याची दखल घेतली आहे काय, प्रतिपादन नवे आहे काय आणि ते पुराव्याने सिद्ध होते काय, असे ठरावीक प्रश्न तज्ज्ञाला विचारले जातात. इतिहास, भाषाशास्त्र किंवा पाठचिकित्सा यांतील ग्रंथाला हे प्रश्न लागू पडतात. कथेला ते लागू पडत नाहीत. कथेतील विधाने सिद्ध करावयाची नसतात, आणि तिच्यातील नावीन्य पूर्वसूरींच्या यादीशी ताडून ठरविता येत नाही.

३

परंतु ही पद्धती शुद्ध ज्ञानाच्या बाबतीत तरी केवळ गुणांवर चालते, असे मानण्याचे कारण नाही. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या ‘प्रिंकिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गणिताचा पाया तर्कशास्त्रात शोधणारा हा त्रिखंडात्मक ग्रंथ केंब्रिजच्या मुद्रणालयाने १९१०, १९१२ आणि १९१३ या वर्षी प्रसिद्ध केला. त्याची मुद्रणप्रत इतकी मोठी होती की ती घोड्याच्या गाडीत घालून मुद्रणालयात न्यावी लागली. तिच्या योग्यतेविषयी सिंडिकांना शंका नव्हती. शंका होती ती खर्चाविषयी. ६०० पौंडांचा तोटा येईल असा अंदाज होता, आणि त्यांपैकी ३०० पौंडांपलीकडे भार उचलण्यास सिंडिक तयार नव्हते. रॉयल सोसायटीने २०० पौंड दिले. उरलेले १०० पौंड दोघा ग्रंथकारांनी प्रत्येकी पन्नास याप्रमाणे स्वतः भरले. दहा वर्षांच्या श्रमांबद्दल प्रत्येकाला उणे पन्नास पौंड मिळाले, असा हिशेब रसेल यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांडला आहे.

या प्रसंगाकडे सामान्यतः एक गमतीची हकीकत म्हणून पाहिले जाते. तीतून एक तत्त्व मात्र स्पष्ट होते. विद्यापीठ-प्रकाशनाचा विशेष केवळ चांगले काय ते ओळखण्यात नाही. ओळखलेल्या चांगल्याच्या तोट्याचा वाटा उचलण्याची तयारी हा त्याचा खरा विशेष आहे. ही तयारीही अमर्याद नसते. तिला आकडा असतो. तथापि व्यापारी प्रकाशक ज्या हस्तलिखितापुढे ‘किती खपेल?’ असा प्रश्न टाकतो, त्याच हस्तलिखितापुढे विद्यापीठाची संस्था ‘किती तोटा सोसता येईल?’ असा प्रश्न टाकते. पहिल्या प्रश्नाने कित्येक हस्तलिखितांचा मार्ग बंद होतो, तर दुसऱ्याने तो निदान किलकिला राहतो. ललित वाङ्मयाचा विचार करतानाही हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

४

शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९७६ मध्ये ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ हा नॉर्मन मॅक्लीन यांचा कथासंग्रह प्रसिद्ध केला. या संस्थेने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली ही पहिलीच ललित कृती. मॅक्लीन यांचा जन्म १९०२ चा. म्हणजे पहिले ललित पुस्तक निघाले तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. माँटाना प्रांतातील नदी, तेथील जंगलांतील लाकूडतोड आणि वनखात्यातील उमेदवारीचे दिवस हे या संग्रहातील तीन कथांचे विषय आहेत. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांकडून हे हस्तलिखित परत आले. त्यांपैकी एकाने या कथांत झाडे आहेत अशा आशयाचा आक्षेप घेतल्याचे मॅक्लीन यांनी नमूद करून ठेवले आहे.

हा आक्षेप हास्यास्पद वाटला तरी तो अर्थशून्य नाही. या कथांत झाडे आहेत. नदी, गळ, घोड्यावर ओझे बांधण्याची रीत आणि करवत चालविण्याची लयही आहे. त्यांतील मनुष्यस्वभावाचे दर्शन या कामांच्या बारकाईच्या वर्णनातून घडते. शीर्षककथेत धर्मोपदेशक पिता, निवेदक आणि त्याचा धाकटा भाऊ यांचे नाते मासेमारीच्या कौशल्यातून उलगडत जाते. जो भाऊ नदीत गळ टाकताना परिपूर्ण असतो तो किनाऱ्यावरच्या आयुष्यात सावरला जात नाही, आणि ज्यांचे त्याच्यावर प्रेम आहे त्यांना त्याला साहाय्य करता येत नाही, हे या कथेचे दुःख आहे. तंत्राचे वर्णन काढून टाकले तर हे दुःखही नाहीसे होईल. कारण परिपूर्णता म्हणजे काय हे वाचकाला त्या तंत्रातूनच कळलेले असते. शिवाय ही कथा सुमारे शंभर पृष्ठांची आहे. नियतकालिकाला ती मोठी आणि स्वतंत्र कादंबरी म्हणून ती लहान. विषय आणि आकार या दोन्ही बाबतींत ती बाजाराच्या मापात बसणारी नव्हती. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याने कथेचे वैशिष्ट्य अचूक हेरले होते. फक्त त्याला तो दोष वाटला.

शिकागोच्या संस्थेने मग हा गुण कसा ओळखला? येथे प्रचलित निष्कर्षाला मर्यादा घालणे भाग पडते. मॅक्लीन हे त्याच विद्यापीठात चार दशकांहून अधिक काळ इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक होते. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. क्रेन यांच्या नेतृत्वाखालील शिकागोच्या समीक्षक-संप्रदायाशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि त्या संप्रदायाच्या ‘क्रिटिक्स अँड क्रिटिसिझम’ या १९५२ च्या ग्रंथात ‘किंग लिअर’वरील त्यांचा निबंध समाविष्ट आहे. तो ग्रंथही याच संस्थेचा. तेव्हा संस्थेच्या दारी आलेले हे हस्तलिखित अनोळखी माणसाचे नव्हते. ललित कृती न छापण्याचा प्रघात मोडला गेला तो परीक्षापद्धतीमुळे नव्हे; लेखक घरचा असल्यामुळे तो मोडणे शक्य झाले. माँटानातील एखाद्या वनरक्षकाने हेच हस्तलिखित टपालाने पाठविले असते तर ते वाचले गेले असते काय, हा प्रश्न संस्थेच्या कीर्तीला कमीपणा आणण्यासाठी नव्हे, तर कीर्ती नेमकी कशाची आहे हे कळण्यासाठी विचारला पाहिजे.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९७७ च्या पुलित्झर पारितोषिकासाठी परीक्षकांनी या संग्रहाची शिफारस केली होती. पण मंडळाने त्या वर्षी कथा-कादंबरीसाठी पारितोषिकच दिले नाही. पुस्तकाला वाचक मिळत गेले. ज्यांनी पूर्वी हस्तलिखित नाकारले होते त्यांच्यापैकी एका प्रकाशनगृहाने नव्या लेखनाविषयी विचारणा केली तेव्हा मॅक्लीन यांनी १९८१ मध्ये उपरोधाने भरलेले पत्र लिहून ती फेटाळली. १९४९ साली मान गल्च येथील वणव्यात तेरा तरुण अग्निशामक मरण पावले होते, त्या घटनेवर ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते हस्तलिखित अपुरे होते. शिकागोच्या संस्थेनेच ते सिद्ध करून १९९२ मध्ये ‘यंग मेन अँड फायर’ या नावाने काढले. अग्नीच्या गतीचे गणित, साक्षीदारांची तपासणी आणि शोकगंभीर निवेदन यांचा त्यात मिलाफ आहे. संशोधन आणि ललित लेखन यांच्या सीमेवरील या ग्रंथाला विद्यापीठाची संस्था हेच स्वाभाविक घर होते. पण त्या घराचा दरवाजा आधीच्या अपवादाने उघडलेला होता.

५

दुसरे उदाहरण जॉन केनेडी टूल यांच्या ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ या कादंबरीचे. टूल यांचा जन्म न्यू ऑर्लीन्स येथे १९३७ मध्ये झाला. सैन्यात असताना पोर्तोरिको येथे त्यांनी या कादंबरीचे बरेचसे लेखन केले, आणि ती सायमन अँड शूस्टर या प्रकाशनगृहाकडे पाठविली. तेथील संपादक रॉबर्ट गॉटलीब यांनी ती दुर्लक्षिली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्यांनी टूल यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, लेखकाची विनोदशक्ती मान्य केली आणि सुधारणा सुचविल्या. कादंबरीतील धागे कोणत्याही एका अर्थाकडे जात नाहीत, सारे चातुर्य असूनही ती कशाविषयी आहे हे कळत नाही, हा त्यांच्या असमाधानाचा गाभा होता. टूल यांनी अखेर हस्तलिखित बाजूला ठेवले. १९६९ च्या मार्चमध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली. तिचे कारण केवळ या नकारात शोधणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

गॉटलीब यांचा आक्षेप हा एक वाङ्मयीन आक्षेप आहे, आणि त्याची चिकित्सा वाङ्मयीन पातळीवरच केली पाहिजे. अर्थाची एकात्मता हा कादंबरीचा निकष होय, हे त्यामागचे गृहीत. टूल यांच्या नायकाने, इग्नेशियस रायली याने, बोईथियसच्या मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा ध्यास घेतला आहे. दैवाचे चक्र फिरते आणि माणसाला वर नेते किंवा खाली आपटते, ही त्याची श्रद्धा. कादंबरीची रचनाही या चक्राप्रमाणे आहे. विजारींचा कारखाना, रस्त्यावरची खाद्यपदार्थांची गाडी आणि रात्रीचे मद्यगृह ही तिन्ही ठिकाणे सुटी वाटतात, पण एकाच फेऱ्यात ती एकमेकांवर येऊन आदळतात. येथे अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. एका वाक्यात सांगता येईल असा अर्थ नाही, एवढेच म्हणता येईल. प्रहसनाला बोधकथेचा निकष लावला गेला, हे या आक्षेपाचे खरे स्वरूप आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी येते. इग्नेशियस स्वतः लेखक आहे. आपल्या शतकाविरुद्धचे आरोपपत्र तो शाळकरी वह्यांतून लिहीत असतो, आणि त्या वह्या त्याच्या खोलीत विखुरलेल्या असतात. त्याचे हस्तलिखित पुरे होत नाही, कोणाकडे पाठविले जात नाही, त्यामुळे परतही येत नाही. ज्या कादंबरीचे स्वतःचे हस्तलिखित दीर्घकाळ अप्रकाशित राहिले तिच्या केंद्रस्थानी असे एक अप्रकाशित हस्तलिखित असावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु परीक्षेला कधीच सामोरे न जाणाऱ्या लेखनाची आत्मसंतुष्टता टूल यांनी निर्दयपणे रंगविली आहे, हे त्यांच्या मृत्यूभोवती जमलेल्या करुण दंतकथेत विसरले जाऊ नये.

टूल यांच्या मागे त्यांच्या आईने, थेल्मा टूल यांनी, हस्तलिखिताचा पाठपुरावा केला. अनेक प्रकाशकांकडून ते परत आले. १९७६ मध्ये कादंबरीकार वॉकर पर्सी न्यू ऑर्लीन्सच्या लोयोला विद्यापीठात शिकवीत असताना त्यांनी त्यांना गाठले. कार्बनची ती पुसट प्रत पर्सी यांनी नाइलाजाने वाचावयास घेतली आणि ते तीत गुंतत गेले; ही हकीकत त्यांच्या प्रस्तावनेत आहे. पर्सी यांच्या खटपटीनंतर लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८० मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती अवघ्या २,५०० प्रतींची होती. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

येथेही हस्तलिखित पोहोचले ते रूढ मार्गाने नव्हे. आईची चिकाटी आणि एका मान्यवर लेखकाची शिफारस यांनी मार्ग काढला. संस्थेचे श्रेय दुसऱ्या ठिकाणी आहे. २,५०० प्रती हा आकडा तिला लाजिरवाणा वाटला नाही. दिवंगत, अज्ञात, दुसरे पुस्तक देण्याची शक्यता नसलेला लेखक हा व्यापारी हिशेबात निरुपयोगी ठरतो. विद्यापीठाच्या हिशेबात तो ठरत नाही, कारण अशी संस्था दिवंगतांचे ग्रंथ नेहमीच छापीत आलेली असते. जुन्या पोथ्या संपादून काढणाऱ्या संस्थेला लेखक हयात नसणे ही अडचण वाटण्याचे कारण नाही.

६

कवितेच्या क्षेत्रात काही विद्यापीठांनी परीक्षेची स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली. येल विद्यापीठाची तरुण कवींची माला १९१९ पासून चालू आहे. प्रथम संग्रहाच्या हस्तलिखितांतून एक नामवंत कवी निवड करतो आणि निवडलेला संग्रह प्रस्तावनेसह निघतो. ही रीत संशोधनग्रंथांच्या परीक्षेहून मुळातच वेगळी आहे. येथे दोन तज्ज्ञांच्या एकमताऐवजी एका व्यक्तीच्या अभिरुचीवर उघडपणे भिस्त ठेवली जाते, आणि त्या व्यक्तीला आपली निवड प्रस्तावनेत समर्थित करावी लागते.

तिचीही मर्यादा १९५५ मध्ये दिसून आली. त्या वेळी ऑडन हे परीक्षक होते. प्राथमिक चाळणीतून त्यांच्यापर्यंत आलेल्या हस्तलिखितांपैकी एकही त्यांना पसंत पडले नाही. जॉन ॲशबेरी आणि फ्रँक ओहारा यांची हस्तलिखिते चाळणीतच परत गेली होती, हे कळल्यावर त्यांनी ती परत मागविली आणि ॲशबेरी यांची निवड केली. ‘सम ट्रीज’ हा संग्रह १९५६ मध्ये निघाला. त्याला ऑडन यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत संकोच लपत नाही; जी कविता त्यांनी निवडली तिच्याशी त्यांची पूर्ण सहमती नव्हती. ओहारा यांना त्यांनी नकार कळविला, पण तो मूकपणे नव्हे: अतिवास्तववादी पद्धतीतील तर्कविसंगत प्रतिमांच्या धोक्याविषयी त्यांनी पत्रातून सावध केले. ऑडन यांचे मत ग्राह्य की त्याज्य हा वेगळा प्रश्न आहे. ज्याचे हस्तलिखित नाकारले गेले त्याला नकाराचे कारण कळले, आणि ते कारण वाङ्मयीन होते, ही गोष्ट महत्त्वाची.

तीन उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. मॅक्लीन, टूल आणि ॲशबेरी या तिघांचीही हस्तलिखिते नेहमीच्या वाटेने गेली असती तर प्रकाशात आली नसती, किंवा गेली तेव्हा परतच आली. प्रत्येक वेळी कोणा एका वाचकाने पद्धतीच्या बाहेर जाऊन ती उचलली. यावर कोणी म्हणेल की अखेर चांगले ते वर येतेच. हा युक्तिवाद सदोष आहे. जी वर आली त्यांचीच नावे सांगता येतात. जी आली नाहीत त्यांची यादी करणे तत्त्वतःच अशक्य आहे. वाचलेल्यांच्या साक्षीवरून बुडालेल्यांची संख्या ठरविता येत नाही.

७

ललित कृती विद्यापीठाच्या दारातून आत येण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि मराठी वाचकाला त्याचे एक जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर केलेल्या वाटचालीचे ते कथन आहे. त्याचे फिलिप एंग्ब्लम यांनी केलेले इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८७ मध्ये काढले. ‘भारतातील एक तीर्थयात्रा’ अशा अर्थाचे उपशीर्षक त्याला जोडलेले आहे, आणि आरंभी भाषांतरकाराचा व एलिनॉर झेलियट यांचा असे दोन प्रास्ताविक लेख आहेत.

या प्रकाशनाने मराठीतील एका महत्त्वाच्या लेखकाला परभाषेत वाचक मिळाले, आणि प्रास्ताविक लेखांनी वारीची परंपरा अपरिचितांना सुगम केली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबरच कृतीचे स्थान बदलले, हेही नोंदविले पाहिजे. मराठी वाचकाला वारी काय हे ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने पुस्तकाचा जीव असतो तो वारकऱ्यांत मिसळूनही पुरता न मिसळणाऱ्या, श्रद्धेकडे ओढला जाऊनही तिच्यापासून अंतर राखणाऱ्या लेखकाच्या मनात. परकीय अभ्यासकाच्या दृष्टीने त्याच पुस्तकाचा विषय वारी हा होतो आणि लेखक हा साक्षीदार ठरतो. ललित कृती येथे धर्माभ्यासाचे साधन म्हणून प्रवेश करते. व्यवहार म्हणून हा मार्ग त्याज्य नाही. पण त्याची किंमत काय ते स्पष्ट असावे. ज्या हस्तलिखिताला आपल्या ललितपणावर प्रवेश मिळत नाही त्याला दस्तऐवजाचा वेश घ्यावा लागतो, आणि एकदा घेतलेला वेश वाचकाच्या मनातून सहजासहजी उतरत नाही.

याउलट, जे स्वभावतःच साधनग्रंथ आहेत त्यांना विद्यापीठाचा आश्रय अपरिहार्य असतो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ठसे, वाचन आणि टिपा यांनी भरलेल्या अशा ग्रंथाला खपाच्या बाजारात स्थान नाही, आणि मराठीच्या अभ्यासाला मात्र त्यावाचून गत्यंतर नाही. ‘किती तोटा सोसता येईल?’ हा प्रश्न येथे आपल्या न्याय्य जागी आहे.

८

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली प्रबंधाविषयीची. पीएच.डी.चा प्रबंध आणि ग्रंथ यांत नुसता पुठ्ठ्याचा फरक नाही. प्रबंध दोनतीन परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आपण सारे वाचले आहे हे सिद्ध करणे त्याचे काम असते, आणि म्हणून तो पदोपदी स्वतःचे रक्षण करीत चालतो. ग्रंथाला हे रक्षण ओझे होते. विल्यम जर्मानो यांनी २००५ मध्ये शिकागोच्याच संस्थेतर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रूपांतराची सविस्तर चर्चा केली आहे. भारतात ‘शोधगंगा’ या संग्रहामुळे प्रबंध जसाच्या तसा कोणालाही वाचता येऊ लागला आहे. तेव्हा तोच पुन्हा छापण्याचे प्रयोजन अधिकच दुर्बल झाले आहे. प्रकाशनसंस्थेकडे पाठवावयाचे हस्तलिखित हे प्रबंधानंतरचे लेखन असले पाहिजे. प्रबंधाची प्रत नव्हे.

दुसरी गोष्ट अभिप्रायाविषयीची. तज्ज्ञाच्या अभिप्रायाला द्यावयाचे लेखी उत्तर हा उपचार नव्हे. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे सांगताना लेखकाला आपला ग्रंथ मुळात कशाविषयी आहे ते बहुधा प्रथमच नेमके सांगावे लागते. टूल यांना विचारला गेला तो हाच प्रश्न होता. संशोधकाला त्याचे उत्तर देता आलेच पाहिजे. कादंबरीकाराला ते देता येईलच असे नाही, आणि न देता येणे हे त्याच्या कृतीच्या वैगुण्याचे प्रमाण मानता येत नाही. दोन्ही प्रकारच्या हस्तलिखितांतील मर्मभेद तो हाच.

तिसरी गोष्ट प्रकाशनसंस्थांच्या जबाबदारीची. ललित हस्तलिखितांसाठी संशोधनाची परीक्षापद्धती वापरू नये, आणि ती नाही म्हणून ओळखीपाळखीवरही सोपवू नये. या दोन टोकांमध्ये जागा आहे. वाचकाची निवड जाहीर असावी, त्याने स्वीकाराचे समर्थन प्रस्तावनेत करावे आणि नकाराचे कारण पत्रात लिहावे, एवढी शिस्त पाळता येण्यासारखी आहे. तिने चुका टळणार नाहीत. ऑडन यांच्याही टळल्या नसतील. पण ज्याने आपले कारण लिहून दिले त्याची चूक पुढच्या वाचकाला दुरुस्त करता येते. ‘साभार परत’ या दोन शब्दांत तशी कोणतीच सोय नसते.

विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी ललित वाङ्मय तारले, हे विधान या मर्यादेसह स्वीकारावयास हरकत नाही. गुणग्राहकतेत त्या इतरांहून सरस होत्या असे उपलब्ध उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. अल्पसंख्य वाचकांसाठी ग्रंथ छापण्यात कमीपणा न मानणे आणि त्याचा तोटा सोसणे, हे त्यांचे सामर्थ्य मात्र त्यांवरून निश्चितपणे सिद्ध होते. ज्या वाङ्मयाला आरंभी थोडेच वाचक असतात त्याच्या दृष्टीने हे सामर्थ्य लहान नाही.